नवरीची एकच अट

पत्र: ताई, माझ्या बालमैत्रिणीचं लग्न मार्चमध्ये आहे. त्याआधी फेब्रुवारीत आम्ही आठ जणी मालवणजवळच्या देवबागला एका घरगुती मुक्कामात शनिवार-रविवार राहणार आहोत. नवरीची एकच अट आहे, दारू नको. तिचे वडील पिण्यापायी गेले, हे आमच्यापैकी दोघींनाच ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या तिघी म्हणतात, “मग बॅचलरेट कसली? भजनं म्हणायची का?” एक तर म्हणाली, “मी येताना गोव्यातून आणते, नवरीला कळणारसुद्धा नाही.” एक मैत्रीण पाचव्या महिन्यात आहे. शनिवारी रात्री नवरीची आई आणि मावशी जेवायला येणार आहेत. सगळं माझ्यावर आलंय. नेटवर खेळ शोधले, तर सगळे ग्लासाभोवतीच फिरतात. काय करू?
— एक करवली, कुडाळ

प्रिय करवली,

खेळांचं नंतर बघू. आधी ती गोव्याची बाटली निकालात काढू. ती आली, तर बाकीचं काहीच उपयोगाचं नाही. नवरीला कळणार नाही, हे त्या मुलीचं म्हणणं चुकीचं आहे. ज्या घरात बाप पीत होता, त्या घरातल्या मुलीला वास आधी कळतो आणि माणूस दारात नंतर येतो. माझ्या माहेरी शेजारच्या घरात असंच होतं. त्या घरातली माझ्या वयाची मुलगी बापाच्या चपलांच्या आवाजावरून सांगायची, आज अभ्यास ओटीवर करायचा की माजघरात. अशा मुलीला स्वतःच्या लग्नाआधीच्या दोन दिवसांत तरी कान टवकारून बसायला लागू नये.

तेव्हा फोन तू कर, नवरीला करायला लावू नकोस. गटात मेसेज टाकू नकोस, तिघींना वेगवेगळा फोन कर. कारण सांगायचं नाही. ते तिचं आहे, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. तू एवढंच म्हण, “अगं, हे दोन दिवस तिचे आहेत आणि तिला दारू नकोय. मी शब्द दिलाय. तू येणार ना? मला तुझी मदत लागणार आहे.” आणि लगेच तिच्यावर एक काम सोपव. काम मिळालं की माणूस पाहुणा राहत नाही. गोव्याचं म्हणणाऱ्या मैत्रिणीला आणखी एक गोष्ट सरळ सांग. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर राज्य उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात. शिवाय आपल्या राज्यात दारूसाठी वयाची पंचविशी पूर्ण लागते, बिअर-वाइनला २१. तुमच्यातल्या सगळ्या जणी तेवढ्या आहेत का, तेही बघ. मुक्कामाच्या घरमालकीण काकूंनाही आधीच कल्पना देऊन ठेव. म्हणजे कोणी हळूच गड्याला पैसे देऊन काही मागवलं, तर त्याच नाही म्हणतील.

आता त्या तिघींच्या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न खोटा नाही. दारूशिवाय करायचं काय, असं म्हणतात तेव्हा मुलींना खरी भीती वाटत असते ती लाजेची. आठ जणी, त्यातल्या निम्म्या एकमेकींना नीट ओळखत नाहीत. पहिला तास अवघडल्यासारखा जाणार. ती लाज मोडायला लोक पेला हातात घेतात. पण लाज घामानेही मोडते, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. मंगळागौर जागवायला दहा घरच्या बायका जमायच्या, नव्या सुनेला त्यातली एकही धड ओळखीची नसायची, आणि पहाटेपर्यंत तीच सून सगळ्यांना खेचून फुगडीला उभी करायची. आधी अंग हलवायचं, दमायचं, एकमेकींचे हात घट्ट धरायचे, आणि मग बोलायचं. नेटवरचे खेळ उलटे चालतात. गोल करून बसवतात आणि पहिल्याच चिठ्ठीत “तुझं सगळ्यात मोठं गुपित सांग” म्हणतात. कोण सांगणार? म्हणून तुझ्या दोन दिवसांचा क्रम असा ठेव: शनिवारी उन्हं उतरल्यावर धावणं, दिवेलागणीला हाताला काम, रात्री नाच आणि बोलणं सगळ्यात शेवटी.

धावायला वाळू हवी आणि वाळू किती मिळणार ते तिथीवर. तारीख अजून पक्की नसेल, तर पौर्णिमेच्या लगतचा शनिवार धर. आपल्याकडे जुन्या लोकांचा साधा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. तुम्ही खेळायला उतराल तेव्हाच पाणी वर चढत आलेलं असेल. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे, मग संध्याकाळपर्यंत ओहोटी. उधाणाची ओहोटी असल्याने पाणी लांबवर मागे जातं आणि मागे राहते ती ओली, घट्ट, पाय न रुतणारी वाळू. त्याच वेळी पश्चिमेला सूर्य बुडतो आणि माडांच्या मागून चंद्र वर येतो. मैदान, दिवा, सगळं फुकट. एक मात्र ठामपणे सांगते. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं आणि देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली ओढ फसवी असते. घोट्यापलीकडे पाण्यात जायचं नाही, हे खेळाच्या आधीच ठरवून टाका. स्थानिक माणूस “इथे नको” म्हणाला, तर वाद न घालता मागे फिरा.

वाळूवर लंगडी आणि लगोरी, बस. याहून जास्त खेळ ठेवू नकोस. लगोरीला दगड शोधू नकोस, नारळाच्या सात करवंट्या घे, मोठीपासून लहानपर्यंत पालथ्या रचायच्या. करवंटीवर चेंडू बसला की जो टाळीसारखा आवाज येतो, तो दगडाला नाही. कापडाचा चेंडू घरी बांधून ने, रबरी चेंडू उसळून थेट पाण्यात जातो. लंगडीची चौकट टाचेने ओढायची. नवरीवर राज्य पहिलं. तिला कोणी सांभाळून घ्यायचं नाही, पडली तर पडू दे. साडी-दागिन्यांच्या आठवड्याआधी पोरीला एकदा गुडघ्याला वाळू लागेपर्यंत खेळू दे. पाचव्या महिन्यातली मैत्रीण पंच. तिला छान खुर्ची, डोक्यावर टोपी, हातात शहाळं आणि शिट्टी. निकाल तिचाच शेवटचा. तिला “तू बस हं बाजूला” असं झालं, तर तिला ते दोन दिवस नकोसे होतील.

दमून परत आलात की तहान लागलेली असते, आणि इथेच पेल्याचा प्रश्न येतो. माझं मत कोणाला पटेल न पटेल, पण मॉकटेल नको. बिनदारूचं पेय दारूच्या काचेच्या ग्लासात ओतून, वर लिंबाची चकती लावून “चिअर्स” करायचं, यात नवरीला काय दिसणार? तोच ग्लास, तीच पोज. आपण ज्या गोष्टीला नको म्हटलं तिची नक्कल कशाला? स्टीलचे पेले घ्या, पितळी फुलपात्रं असतील तर फारच छान. आणि प्यायला काय द्यायचं याची कोकणात कधी ददात पडली आहे का? कोकम सरबत, आवळ्याचं सरबत, शहाळी, ताक, आणि जेवणाला सोलकढी.

सोलकढीचाच खेळ कर. हा खेळ मी स्वतः दोन केळवणांत केलाय आणि दोन्हीकडे लोक अजून त्याबद्दल बोलतात. नवरी सोडून सात जणींच्या तीन टोळ्या पाड. एका टोळीत एक तरी मुंबई-पुण्याची. प्रत्येक टोळीला एक नारळ, दहा-बारा आमसुलं, दोन पाकळ्या लसूण, एक मिरची, मीठ, कोथिंबीर. मिक्सर नाही. खवणी, पाटा आणि स्वच्छ पंचा. आमसुलं कोमट पाण्यात भिजत घालायची आणि तेवढ्या वेळात नारळ फोडून खवायचा. इथेच अर्धी गंमत आहे. जिने जन्मात खवणीवर पाय मुडपून बसलेलं नाही, ती आधी खोबऱ्याबरोबर करवंटीचं काळंही खरवडते, आणि शेजारची ओरडते, “अगो, पांढरा संपला की थांब!” खोबरं, लसूण, मिरची वाटून पहिलं दाट दूध पिळायचं, मग थोडं पाणी घालून दुसरं. आमसुलाचं पाणी त्यात हळूहळू ओतायचं, की दुधाचा तो गुलाबी रंग उमटतो. कुणाला गरम करायचा मोह झाला तर अडव, उकळी आली की नारळाचं दूध फुटतं. एक जण हमखास आगळ आणि अमृत कोकम यांत गोंधळ करते. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, ते कढीचं. अमृत कोकम साखरेतलं, ते सरबताचं. दोन्ही बाटल्या टेबलावर ठेव आणि कोणती उचलायची ते सांगू नकोस.

परीक्षक नवरी, डोळ्यांवर ओढणी बांधलेली. तीन पेले, तीन घोट. तिने नुसती चांगली-वाईट सांगायची नाही, ही कढी कोणाच्या हातची ते ओळखायचं. सगळ्यात मऊ, दाट कढी बहुतेक तिच्या बालमैत्रिणींपैकीच कोणाची तरी निघेल आणि ती एका घोटात ओळखेल. डोळे बांधलेच आहेत तर भोंडल्यातल्या खिरापतीसारखा वासाचा खेळही उरकून घे. तिरफळ, ओवा, आंब्याची कैरी मिळाली तर तिची फोड, आणि हंगाम असतो म्हणून सुरंगीचं फूल. हा मात्र सगळ्यांनी खेळायचा. तिरफळाच्या वासावर मुंबईची मुलगी काय काय नावं घेते, ते ऐकून घे.

एवढं होईतो आई आणि मावशी येतील. त्यांना “मोठ्या माणसांचं वेगळं” असं बाजूला बसवू नकोस. जेवण झालं, भांडी आवरली, की अंगणात फुगडी. सिंधुदुर्गात गणपतीत फुगड्या घातल्या नाहीत अशी बाई शोधून सापडणार नाही. मावशीला नुसतं “आम्हाला येत नाही, दाखवा ना” म्हणायचा अवकाश. सुरुवात साध्या फुगडीने. हात फुलीसारखे आडवे धरायचे, मनगटं नाही, बोटं एकमेकींत अडकवायची. पावलं जवळजवळ चिकटवायची, अंग मागे सोडायचं आणि तोंडाने पकवा, म्हणजे फुगडीच्या तालाचा आवाज, धरायचा. नवशिकी नेमकं उलटं करते, अंग पुढे घेते. तिला वाटतं मागे गेले तर पडेन. पण समोरचीच्या ओढीवर भरवसा ठेवून मागे झुकलं की फुगडी आपोआप फिरते. माझ्या चुलतबहिणीच्या केळवणाला गुहागरकडच्या आमच्या वाडीत वीज गेली होती आणि कंदिलाच्या उजेडात सत्तरीच्या एका काकूंनी तिला फुगडीला घेतलं. बहीण तोपर्यंत दिवसभर गप्प होती. लग्न ठरवून झालेलं, मुलगा दोनदाच पाहिलेला. काकूंनी हात धरले, म्हणाल्या, “मागे हो, मी हाय.” दहा-बारा गिरक्या झाल्या, तिच्या हातातली एक बांगडी फुटली, आणि ती थांबल्यावर काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून आधी हसली आणि मग खूप रडली. त्यानंतर ती आमच्याशी पहाटेपर्यंत बोलत होती. तिच्या मनात काय चाललं होतं, ते आम्हाला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

साधीनंतर बसून घालायची बसफुगडी, तीन जणींची फुगडी, सूप हातात घेऊन नाच, झिम्मा. अंगणात फरशी असेल तर आधी पाणी पुसून घे, पाय घसरतो. बांगड्या काचेच्या असतील तर काढून ठेवा. पोटुशी मैत्रीण इथेही बसून सागरगोटे खेळू शकते. किनाऱ्याच्या काटेरी जाळीत त्या झाडाच्या शेंगा लागतात, आत राखाडी गोल बिया. पाच पुरतात. नवरीच्या आईला तिच्यासमोर बसव. हाताची उलटी बाजू करून पाचही झेलणारी आई पाहिली की मुलींना तिची वेगळीच ओळख होते.

मग उखाणे. पण पाठ केलेले नाहीत, तिथल्या तिथे जुळवलेले. टोपलीत शब्दांच्या चिठ्ठ्या टाक: होडी, एसटी, आमसूल, वायफाय, पंखा, आंबा, सासूबाई, सुट्टी. प्रत्येकीने एक उचलायची आणि तो शब्द आला पाहिजे अशा बेताने नवरीसाठी उखाणा जुळवायचा, मग नवरीने तो नवऱ्याच्या नावासकट घ्यायचा. वेळ पाच मिनिटं. नमुना हवा असेल तर हा घे:

कढीला हवं आगळ, आगळाला नारळ,
…रावांचं नाव घेते, गप्पांत झाली सकाळ.

लग्नात जेवणाच्या पंगतीला नाव घ्यायची वेळ येईल, तेव्हा तिच्यापाशी सात उखाणे तयार असतील आणि प्रत्येक मैत्रिणीचा एकेक असेल. ते एका वहीत लिहून घ्यायचं काम त्या गोव्याच्या मुलीला दे. तिचं अक्षर कसं का असेना.

‘खरं सांग नाहीतर कर’ हा खेळ ठेवू नकोस. कोणीतरी सहज विचारेल, “तुझे बाबा असते तर?” आणि ती रात्र तिथेच संपेल. नवरीच्या जुन्या मित्रांविषयी, पहिल्या रात्रीविषयी चावट प्रश्न आईसमोर नकोतच, आई गेल्यावरही नवरीच्या चेहऱ्याकडे बघूनच. हरणाऱ्याला शिक्षा म्हणून काही प्यायला-खायला लावायचं नाही, मिरचीसुद्धा नाही. जबरदस्तीने काहीतरी घशाखाली ढकलायचं, हा त्याच घराण्यातला खेळ आहे. बोलायचंच असेल तर उशिरा, आई-मावशी गेल्यावर, चटया टाकून आडव्या पडलात की एकीने एक आठवण सांगायची: “ही माझ्यासाठी अमुक वेळी अशी उभी राहिली.” नवरीने उत्तर द्यायचं नाही, नुसतं ऐकायचं. रडू आलं तर येऊ दे. आणि तिने त्या रात्री आपण होऊन वडिलांचं सांगितलं, तर तुम्ही दोघींनी “आम्हाला माहीत होतं” म्हणू नका.

रविवारी पहाटे उठवणं जड जाईल, पण उठव. त्या पट्ट्यात अजून रापण लावतात. होडीतून अर्धगोल जाळं समुद्रात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. घरमालकीण काकूंकडून आदल्या दिवशी चौकशी कर, कोणाची रापण लागणार आहे का, आणि हात लावला तर चालेल का. चालेल म्हणाले, तर दोराच्या शेवटाला उभं राहायचं, पुढे घुसायचं नाही, फोटोसाठी कोणाला थांबवायचं नाही. ते त्यांचं पोट आहे. दोर ओला, खरखरीत असतो, तळहात लाल होतात, आणि तासाभराने जाळ्याचा घोळ उथळ पाण्यात आला की आत मासळीची चकाकी उसळते. हाती काही दिलं तर घ्या, न दिलं तर विकत घेऊन न्याहारीला तळा. रापण लागली नाही, तर न लागली. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं आहेच.

परतताना मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला. पाचव्या महिन्यातल्या मैत्रिणीने होडीचं डॉक्टरांना विचारून ठरवावं, आणि ती किनाऱ्यावर थांबली तर तिच्याबरोबर एक जण थांबलीच पाहिजे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. आजूबाजूला खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. शेवटचा खेळ म्हणून एवढाच शोध ठेव. दोन टोळ्या करा, गाईड नाही, नकाशा नाही, फक्त किल्ल्यावर राहणाऱ्यांना विचारत तिन्ही बावी शोधायच्या. पहिली पोचलेली टोळी नवरीची पाठराखीण. स्कुबा-स्नॉर्कलिंग करायचं म्हणाल तर ज्यांना करायचं त्यांनी वेगळ्या वेळी यावं. एकेक जण पाण्यात आणि बाकीच्या टॉवेल धरून उभ्या, यात तुमचे तीन-चार तास जातील.

पैशांचं: सगळ्यांचा खर्च आधीच सारखा वाटून घे, नवरीचा वाटा सात जणींनी उचला. उरले तर भेट म्हणून सावंतवाडीच्या राजवाड्यात मिळणारे गंजिफाचे पत्ते बघ. गोल, हाताने रंगवलेले, दशावतारी संचात १२० पत्ते असतात. राजमाता सत्वशीलादेवी भोसले आणि शिवरामराजे भोसले यांनी ती कला जपली म्हणून आज ती हातात घेता येते. पूर्ण संच परवडला नाही, तर तिच्या आवडीच्या अवताराचा एखादा पत्ता चौकटीत घालून द्या.

आणि शनिवारी येताना वेंगुर्ल्याकडून कोणी येणार असेल, तर तिला सकाळच्या बाजारातून सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, आणायला सांग. दुपारपर्यंत तो सुकतो, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचा. फुगड्या घालताना तो नवरीच्या केसांत राहणार नाही. झोपायच्या आधी तिच्या उशाशी ठेव, रात्रभर खोलीत तोच वास राहतो.

तुझी,
ताई